दाबून बघा

साडेनऊला शटर वर जायचं, पण रांग आठपासून लागायची. माणसं आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आणि उजव्या अंगठ्याचं नख बारीक कापून यायची. नख कापलेलं हवं हा नियम होता, कारण आत जे दाबायचं होतं त्याला नख लागलं की ओरखडा उठायचा. त्या दुकानात दया होती ती एवढीच.

आत सात गाद्या एकावर एक रचलेल्या होत्या. सगळ्यात वर निळी मखमल आणि मखमलीवर एक कासव. ताटलीएवढं, मातकट पिवळं, डोळे अर्धवट मिटलेले. एकेक जण पुढे जाऊन गुडघे टेकायचा, अंगठा कासवाच्या पाठीवर ठेवायचा आणि हलकेच दाबायचा. पाठ आत जायची. शिळ्या पावाचा पापुद्रा दाबल्यावर जातो तशी जायची आणि अंगठा काढल्यावर सावकाश वर यायची. मग दाबणारा हुंदका देऊन म्हणायचा, "विरघळलं." मागची रांग एका सुरात म्हणायची, "विरघळलं."

कासवाची पाठ दगडासारखी असते हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तेव्हा ती मऊ लागली म्हणजे दाबणाऱ्याच्या भक्तीने दगडाला पाझर फुटला, अशी समजूत. ज्याच्या अंगठ्याखाली ती कडकच राहायची तो पापी. त्याला सगळ्यांदेखत भिंतीशी उभं करायचे. आमच्या छापखान्याचा म्हातारा चौकीदार असा सात वेळा भिंतीशी उभा राहिला होता. त्याची बायको आजारपणात गेली होती, आणि आपल्याच हातून तिच्या सेवेत काहीतरी कसूर झाली असणार, असं तो आताशा कामावर येऊन सांगायला लागला होता. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचा.

मी त्याच छापखान्यात प्रुफं तपासते. सत्तावीस वर्षं ऱ्हस्व-दीर्घ बघून बघून माझा स्वभाव खडूस झाला आहे असं लोक म्हणतात. त्यात खोटं काही नाही. समोरचा आपलं दुःख सांगत असतो आणि मी त्याच्या वाक्यातलं क्रियापद चुकलं हे बघत असते.

हा सगळा कारभार ज्याचा, त्याला लोक मामा म्हणत. मी गादीमामा म्हणायची, कारण वर्षभरापूर्वीपर्यंत तो याच दुकानात गाद्या विकायचा. आधी गादी विकली, मग गादीवर बसला. पाटीवर अजून 'गादि भांडार' असंच आहे, ऱ्हस्वासकट. माझ्या घरी त्याची एक गादी आहे. घेताना त्याने माझा हात धरून तिच्या एका कोपऱ्यावर ठेवला होता आणि म्हणाला होता, "ताई, दाबून बघा, मग बोला." कोपरा लोण्यासारखा होता. घरी आणल्यावर कळलं की चांगला कापूस तेवढ्या कोपऱ्यातच होता, बाकी सगळे गोळे. सहा वर्षं मी त्या कोपऱ्यात मुटकुळं करून झोपते आहे.

त्याचं प्रवचनही गादीवाल्याचंच होतं. "कठीण काय असतं? दगड. दगड काय करतो? बुडतो. मऊ काय असतं? लोणी. लोणी काय करतं? तरंगतं. मग माणसाने काय व्हायचं?" रांग म्हणायची, "मऊ व्हायचं." लोणी तापल्यावर जमिनीला लागतं त्याचं काय, हे विचारायची सोय नव्हती. प्रश्न विचारणं हे कठीणपणाचं लक्षण होतं.

कासव मुळात त्याचं नव्हतंच. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक बुकबाइंडर राहायचा, आमच्या छापखान्याची पुस्तकं शिवायचा. त्याने ते पिल्लू असताना आणलं आणि गच्चीवर वाढवलं. मग म्हाताऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. परगावी राहणारी मुलगी धावत आली, पण आठ दिवसांत तो गेला. जाण्यापूर्वी कासवाकडे बोट करून वाकड्या जिभेने तो तेच तेच चार-दोन शब्द बोलत होता. मुलीने ते जसेच्या तसे कागदावर लिहून ठेवले. पुढे ती वडिलांच्या खोलीतच राहून त्यांचं काम करू लागली, पण कासवाचं काय करायचं ते तिला कळेना. खालचा गादीवाला म्हणाला, "माझ्याकडे राहू दे, मला सोबत होईल." त्याने कासव आतल्या खोलीत ठेवलं आणि दुधात भिजवलेला पाव घालायला सुरुवात केली.

वर्षभराने पाठ मऊ झाल्याचा डंका वाजला, तेव्हा मामा पत्रक छापायला आमच्याकडे आला. बाइंडरचे शेवटचे शब्द त्याला 'वचन' म्हणून हवे होते. मुलीच्या अक्षरातला कागद त्याने सोबत जोडला होता. त्यावर होतं : 'रोज पाला. बदलून बदलून. ऊन.'

मरणाऱ्या माणसाच्या तोंडी 'रोज पाला' याचा मला अर्थ लागेना. जीभ वाकडी झालेला माणूस 'ळ'चा 'ल' करणारच, असं मी ठरवलं. 'ल'भोवती लाल गोल काढला आणि समासात 'ळ' लिहिला. रोज पाळा. एक चूक हाताखालून निसटली नाही म्हणून त्या दिवशीचा चहा मला जरा जास्तच गोड लागला.

त्या एका अक्षरावर मामाने पंथ उभा केला. पाळा म्हणजे नेम पाळा. कोणता नेम? कासवाचा. पांढरं खा, मऊ खा. 'बदलून बदलून' म्हणजे स्वतःला बदला. आणि 'ऊन' म्हणजे? "सूर्याचं ऊन नव्हे बरं का," तो बोट वर करून म्हणायचा. "व्याकरण बघा. ऊन म्हणजे उणं. भाजी उणी करा. उजेड उणा करा. प्रश्न उणे करा." आणि खिडक्यांना जाड पडदे लावलेल्या त्या खोलीत शिकलीसवरलेली माणसं माना डोलवायची.

मी हे दारात उभी राहून ऐकून यायची आणि छापखान्यात त्याची नक्कल करून दाखवायची. 'व्याकरण बघा' म्हटलं की सगळे पोट धरून हसायचे. वर्षभर मी यापलीकडे काहीही केलं नाही.

मग एका शुक्रवारी माझी भाची तिच्या मुलीला घेऊन आली. माझी बहीण गेल्यापासून भाचीचं माहेर म्हणजे मीच, पण कामाच्या नावाखाली मी तिच्याकडे फारशी जात नव्हते. मुलगी पावणेदोन वर्षांची. घरात तिला ठमी म्हणतात. भाचीने तिला खाली बसवलं आणि ती बसली ती बसलीच. हाताची मनगटं सुजल्यासारखी जाड होती. दोन्ही पाय कंसासारखे बाहेर वाकलेले.

"हिला उभी कर बघू," मी म्हटलं.

"राहत नाही गं मावशी. अजून मऊ आहे ना."

"मऊ म्हणजे?"

"मामा म्हणतात, मूल मऊ असलेलं चांगलं, हट्टी होत नाही. वर्षभर आम्ही हिला पांढरंच देतोय. पाव, साखरेचं पाणी, भाताची पेज. सासूबाईंनी हिच्यासाठी नेम धरलाय. उन्हातही नेत नाही."

"आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब?"

"ते बंद केले. हाडं कडक करतात म्हणे."

हाडं कडक व्हावीत म्हणूनच जगातले सगळे डॉक्टर ते थेंब देतात. ते तिच्या घरात त्याच कारणासाठी मोरीत ओतले गेले होते.

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चल."

"सोमवारी जाऊ. रविवारी मामा स्वतः हिचे पाय सरळ करणार आहेत, सगळ्यांसमोर. हाताने दाबून. कासवाच्या पाठीसारखे वळतात म्हणाले."

"वळतात? अगं, मोडतील."

"तुझं आपलं नेहमीचंच, मावशी." ती ठमीला उचलून उभी राहिली. "तुला कशातही चुकाच दिसतात. मला माझी मुलगी चालायला हवी आहे. तुझ्याकडे दुसरा काही उपाय असेल तर सांग." मी डॉक्टर म्हटलं. ती म्हणाली, "सोमवारी," आणि गेली.

मला एकच दिवस होता. शनिवारी सकाळी आयुष्यात पहिल्यांदा मी त्या रांगेत उभी राहिले. नख कापून.

आत कापसाचा आणि आंबलेल्या दुधाचा मिळून एक वास होता, तो घशाशी बसला. माझ्या पुढची बाई नवखी होती. मामाने प्रेमाने तिचं मनगट धरलं, "आशीर्वाद आहे," म्हणाला आणि तिचा अंगठा कासवाच्या डाव्या बाजूला, मागच्या पायाच्या वर टेकवला. अंगठा आत गेला. विरघळलं. मग माझी पाळी आली. "या, प्रूफताई," तो हसून म्हणाला. माझंही मनगट धरलं आणि माझा अंगठा मानेजवळ टेकवला. कडक. "अजून फार कठीण आहात, ताई. भिंतीशी उभ्या राहा."

भिंतीशी उभं राहून मी चाळीस-एक माणसं बघितली. प्रुफं वाचणाऱ्याला एकच गोष्ट येते, तीच ओळ पुन्हा पुन्हा बघणं. नवखी माणसं, रडणारी माणसं, पाहुणे आणणारी माणसं : डावीकडे, मागे. शंका विचारणारी माणसं : मानेजवळ. प्रत्येक वेळी मनगट त्याच्याच हातात. माझ्या गादीचाच कोपरा तो, फक्त इथे कोपरे दोन होते.

पण त्याहून वाईट मला जवळून दिसलं ते कासव. त्याच्या तोंडाच्या कडेला पावाचा लगदा वाळून बसला होता. अंगठा आत गेला की ते मान आखडायचं आणि मागचे पाय थरथरायचे. ते पाय शरीर उचलूच शकत नव्हते. भक्त त्या थरथरण्याला 'कंप' म्हणायचे आणि हात जोडायचे. मला तिथे उभ्या उभ्या शिसारी आली, आणि ती फक्त मामाची नव्हती. आपणही आत्ताच तिथे अंगठा ठेवला होता, हे आठवून मी हात पदराला पुसला.

तिथून मी तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. छापखान्यामागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना आहे, आमच्याकडूनच चिठ्ठ्यांची पुस्तकं छापून घेतात. पन्नाशीच्या बाई, बोलायला फटकळ. एका कुत्र्याच्या कानात औषध घालत त्यांनी माझं ऐकलं.

"दाबल्यावर आत जातं?" त्यांचा हात थांबला. "किती दिवस?"

"वर्ष तरी झालं असेल."

"म्हणजे वर्षभर ते कासव दुखण्यात आहे. अहो, कवच म्हणजे वरून घातलेली पेटी नव्हे. ते त्याचं हाड आहे. कणा, फासळ्या सगळं त्यातच जोडलेलं असतं. हाडातला चुना संपत आला की ते असं मऊ पडतं. माणसाच्या पोराला होतं त्याला आपण मुडदूस म्हणतो. तुमचे लोक आजारी जनावराच्या फासळ्यांत अंगठे घालतायत."

"खायला दुधात भिजवलेला पाव घालतो तो."

"दूध पचवणारं पोटच नाही त्याचं, आणि पावात चुना नाही. हे जमिनीवरचं, गवतपाल्यावर जगणारं जनावर. त्याला रोज पाला लागतो. गवत, मुळ्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची पानं. आणि लोक काय करतात, एकच पकडून बसतात. कोबी तर कोबी, पालक तर पालक. नुसता पालक घातलात तरी बिघडतं, त्यातलं आम्ल चुना अडवून धरतं. पाला बदलून बदलून द्यायचा. आणि हे सगळं देऊनही ऊन नसेल तर फुकट, कारण उन्हाशिवाय चुना हाडात जातच नाही."

मी समोरच्या स्टुलावर बसले. "थोडक्यात परत सांगा," मी म्हटलं.

"थोडक्यात काय? रोज पाला, बदलून बदलून, ऊन." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय झालं? पाणी देऊ का?"

पाण्याने जाण्यासारखं ते नव्हतं. म्हाताऱ्याची जीभ वाकडी झाली होती, पण शब्द सरळ होता. मरताना त्याने कुणाला उपदेश केला नव्हता. आपल्या कासवाला काय घालायचं ते तो सांगत होता, आणि मुलीने एक अक्षर न चुकता ते लिहून घेतलं होतं. अख्ख्या गावात त्या ओळीतला बरोबर शब्द मारून चुकीचा लिहिणारी एकटी मीच निघाले. सत्तावीस वर्षांच्या माझ्या टेंभ्याचं मला काय वाटलं ते मी लिहीत नाही.

डॉक्टरीणबाईंना मी ठमीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर नाही. पण पाय असे वाकलेत तर ते हाड ओल्या फांदीसारखं झालंय. त्याला जोर लावला की मोडतं. उद्या त्या माणसाचा हात तिच्या पायाला लागू देऊ नका. मी येते."

छापखान्यात जुनी हस्तलिखितं आम्ही प्रुफांसकट बांधून ठेवतो. गठ्ठ्यातून तो कागद काढला आणि गादी भांडाराच्या वरचा जिना चढले. बाइंडरची मुलगी पुस्तकाच्या छापील पानांचे फर्मे शिवत बसली होती. कागद समोर ठेवल्यावर तिने सुई बाजूला ठेवली.

"मी पालाच लिहिलं होतं," ती म्हणाली. "बाबा तसंच म्हणत होते. मग पत्रक छापून आलं त्यात पाळा होतं. म्हटलं, छापखान्यातल्या बाई शिकलेल्या आहेत, बाबांना काय म्हणायचं होतं ते त्यांना बरोबर कळलं असणार. माझंच ऐकण्यात चुकलं." थोडं थांबून ती म्हणाली, "गच्चीवर सगळ्या कुंड्यांत तुती आणि जास्वंद आहे. एका माणसाला एवढी तुती कशाला लागते, असं मला वाटायचं."

भाचीला सगळं सांगायला संध्याकाळी फोन केला, पण तिने ऐकून घेतलं नाही. "यायचं तर ये," ती म्हणाली, "पण भांडू नकोस," आणि फोन ठेवला.

रविवारी गादीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. कासवाशेजारी एक छोटी नवी गादी घातली होती आणि तिच्यावर ठमीला निजवलं होतं. सासूबाई हात जोडून उशाशी, भाची पायथ्याशी. मामा तळहात एकमेकांवर घासत होता. "कठीण ते वाकत नाही, वाकतं ते वळतं, वळतं ते सरळ होतं," त्याने सुरुवात केली.

"थांबा," मी म्हटलं. "एक विचारायचं आहे."

रांग फिसकारली. "प्रश्न उणे करा, प्रूफताई," मामा म्हणाला.

"प्रश्न माझा नाही. हा चौकीदार सात वेळा पापी ठरला. त्याला आठव्यांदा दाबू द्या. फक्त मनगट तुम्ही धरायचं नाही."

"मी मनगट धरत नाही. आशीर्वाद देतो."

"मग लांबून द्या. आशीर्वाद लांबून पोचत नसेल तर सांगा."

मागे कुणीतरी हसलं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. म्हातारा पुढे आला. "कुठे दाबू?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "डावीकडे, मागे." अंगठा आत गेला. रांग सवयीने म्हणाली, "विरघळलं." म्हातारा तसाच अंगठ्याकडे बघत राहिला.

"आता सासूबाई, तुम्ही या," मी म्हटलं. "तुमच्याइतका नेम इथे कुणी पाळला नाही. मानेजवळ दाबा."

त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. त्यांचा चेहरा पडला. "मी तर वर्षभर पांढऱ्याशिवाय तोंडात काही घातलं नाही हो," त्या मामाकडे बघून म्हणाल्या.

"तर मग रात्रीत चौकीदार पुण्यवान झाला आणि सासूबाई पापी झाल्या," मी म्हटलं. "की कासवाच्या पाठीचं हाड मागे संपलंय आणि पुढे अजून शिल्लक आहे?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी आपली टोपली गादीवर ठेवून झाकण काढलं. आतून एक टुणटुणीत कासव मान वर करून चालायलाच लागलं. "हे आपल्या कोपऱ्यावरच्या शिंप्याचं. नखं कापायला आलंय. दाबून बघा. कुठेही, कुणीही." दहा-बारा अंगठे पुढे आले. सगळीकडे कडक.

"शिंपी पापी असेल," मागून एक बाई म्हणाली.

"शिंपी त्याला रोज पाला घालतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. चुना, ऊन, पाव, मुडदूस, सगळं. मी पिशवीतून कागद काढून वाचून दाखवला आणि ते अक्षर मी बदललं होतं, हेही सांगितलं. सांगताना माझी मान वर नव्हती.

मामाने ऐकून घेतलं. मग तो पूर्वीसारखाच गोड हसला. "अक्षराने कुठे कुणाचं भलं झालंय? आधी पोरीचे पाय, मग तुमचे वाद." आणि त्याने ठमीचे दोन्ही घोटे धरले. एक अंगठा नडगीवर टेकवला.

"हात काढा. मोडेल," डॉक्टरीणबाई ओरडल्या. ठमी रडायला लागली. भाची माझ्याकडे, मामाकडे, सासूबाईंकडे बघत होती आणि हलत नव्हती. माझं तिने ऐकलं नसतंच.

चौकीदार तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला होता. तो हळूच म्हणाला, "पोरी, उचल तिला. मी आत्ता दाबलं ना, तेव्हा ते आखडलं. त्याला दुखतंय गं. मी सातही वेळा दुसरीकडे दाबलं म्हणून मला कळलं नाही."

भाचीने मामाचे हात झटकले आणि ठमीला छातीशी घेतलं.

त्यानंतर फार आरडाओरड झाली नाही. काही जण पडदा सारून बाहेर पडले. काही जण आपापल्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले. बाइंडरची मुलगी पुढे आली, "कासव माझ्या बाबांचं आहे," म्हणाली आणि मखमलीसकट ते उचलून वर घेऊन गेली. मामा म्हणाला, "मी कुठे म्हटलं की मी वैद्य आहे? मी फक्त म्हटलं, दाबून बघा." हे मात्र खरं होतं. तेवढ्याच दोन शब्दांवर त्याने गाद्या विकल्या होत्या.

ठमीला मुडदूसच निघाला. डॉक्टरांनी थेंब सुरू केले, भाज्या-डाळी-अंडी सुरू केली, रोज सकाळी उन्हात बसवायला सांगितलं. पाय सुधारतील म्हणाले, वेळ लागेल. कासवाला जास्त वेळ लागणार आहे. पहिले नऊ दिवस त्याने काही खाल्लं नाही, डॉक्टरीणबाई नळीने भरवत होत्या. दहाव्या दिवशी त्याने तुतीच्या पानाचा कडेचा एक तुकडा तोडला. पाठीवरचे उंचवटे आणि खळगे जन्मभर राहतील असं त्या म्हणतात.

आणि लोक? पुढच्या रविवारी बाइंडरच्या मुलीच्या जिन्यात रांग लागली. नखं कापून आले होते. आता त्यांना कासवाने अर्धवट खाल्लेलं पान हवं होतं, दुखऱ्या गुडघ्यावर बांधायला. डॉक्टरांनीच पाल्याचा गुण सांगितला की नाही, असं एक जण मला समजावून सांगत होता. बाइंडरच्या मुलीने दार लावून घेतलं, तरी तासभर कुणी हललं नाही.

हे सगळं मी ठमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर भाचीला सांगितलं, थोडं रंगवून, नेहमीसारखी नक्कल करत. ती हसली नाही.

"तुला कधीपासून माहीत होतं, तो थापा मारतोय?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग वर्षभर मला का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं नसतंस."

"ते मी ठरवलं असतं ना. तू छापखान्यात सगळ्यांना हसवत होतीस. माझ्या घरी येऊन एकदा तरी बसलीस का? ठमीच्या ताटलीत काय आहे ते बघितलंस का?"

सवयीने मी तिच्या वाक्यात चूक शोधली. ते कुठेही चुकलेलं नव्हतं.

तेव्हा ज्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी तुमचा हात धरून एका जागी ठेवला, तर तो सोडवून घ्या आणि दुसरी जागा दाबून बघा. न कळलेलं ज्याला त्या विषयातलं कळतं त्याला विचारा. मुक्या जनावराचं थरथरणं आणि मुलाचं न चालणं यांना कृपा म्हणू नका, दुखणं म्हणा, म्हणजे औषध सुचेल. आणि ज्यांचा विश्वास नाही, जे माझ्यासारखे घरी बसून खिदळतात, त्यांनीही उठावं. ज्याला हसता त्याच्या घरी जावं, पाटावर बसावं, आज मुलाला काय भरवलं ते विचारावं. आणि हे सगळं पायांचे कंस व्हायच्या आत करावं.

ठमी परवा खुर्चीला धरून उभी राहिली. भाची माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते, आणि तिचं बरोबर आहे.